शटल धुण्याचा पहिला दिवस

आतले लोक संडास धुऊन खाली उतरेपर्यंत बाहेरच्याने डब्याला ब्रश लावायचा नाही, हा रोह्याच्या रेल्वे यार्डातला नियम मुकादमाने मला सकाळीच सांगितला होता. पण नव्या माणसाला उत्साह फार. दिव्याहून आलेली शटल गाडी सायडिंगला लागताच मी साबणाची बादली घेऊन थेट संडासाच्या नळकांड्याखाली शिरलो, आणि वरून कुणीतरी पाणी ओतलं. त्या वेळी मी गाणं म्हणत होतो, म्हणजे तोंड उघडं होतं. पुढचं सांगत नाही, तुम्ही नुकतेच जेवला असाल.

"पाहुणे, अंघोळ झाली का?" वरून एकजण खिदळला.

मुकादमाने मग मला आत पाठवलं. तिथे बाकांखाली मासळीच्या पाट्यांचं पाणी वाळून चिकट झालं होतं. त्यात केस, शेंगांची टरफलं, कुणी चघळून थुंकलेलं पान. खरवडताना दोनदा ओकारी आली, आणि ती घाणही मलाच धुवावी लागली. "उद्या नाय आलास तर दुसरा घेईन," मुकादम म्हणाला.

घरी मागच्या दारी अंघोळ केली आणि बायकोला सांगितलं, "उद्या मी जात नाय."

तिने जवळ येऊन माझी मान हुंगली.

"तुम्ही धाटावला केमिकल कंपनीत होता तेव्हा आठवडाभर अंगाचा वास जात नव्हता," ती म्हणाली. "हा दोन बादल्यांत गेला. जा उद्या. आन् तोंड मिटून काम करा."