नांगरावरची दुपार

दुपारी अडीचला गाव झोपतं. निळ्या फळ्यांच्या खिडक्या एकेक करून लागतात, जाळी शिवणाऱ्या बायका स्टुलं आत नेतात, धक्क्यावर मांजरं तेवढी उरतात. रघुवीर तांडेल हे सगळं केबिनच्या गोल काचेतून बघतो. सात महिने बघतोय. जहाज कोर्टाने अडकवलं, मालक नाहीसा झाला, उतरायचा परवाना कुणालाच नाही. हर्णैचा हा माणूस स्पेनमधल्या एका कोळ्यांच्या गावासमोर नांगरावर पडून आहे. संध्याकाळी तिथल्या खानावळीतलं हसणं ऐकू येतं, इतकं गाव जवळ.

आज पाचला जहाजाचं काम बघणाऱ्या एजंटची लाँच येणार आहे. जहाजावर तिघे उरलेत. दोघांना घरी जाता येईल, पण तिसऱ्याने राखण्या म्हणून सही करून थांबायचं. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. रघुवीरने आपणहून हात वर केला. "तूच का?" असं फिलिपिनो रेनाल्डोने विचारलं, तेव्हा तो दोर गुंडाळायला लागला.

तो आडवा होतो. पाण्याचा उजेड छतावर हलतोय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात.

दारात मनोहर मयेकर उभा आहे. मालवणचा, या जहाजाचा भंडारी. सगळ्यांना रांधून घालणारा. तो तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या केबिनमध्ये वारला. रघुवीरला हे ठाऊक आहे, तरीही तो उठून चपला शोधतो.

"चल रघू, जेवायला जाऊया."

"कुठे, काका? उतरायला मनाई आहे."

"माका कोण अडवतलो?"

जहाजाची शिडी संपते तिथे दगडी पायऱ्या सुरू होतात. पाणी मध्ये कुठेच लागत नाही. गाव जागं आहे, भर उन्हात. खानावळीच्या दाराबाहेर एक जाडशी बाई निखाऱ्यांवर मासे भाजतेय, वर जाड मीठ फेकतेय.

"आपले पेडवेच की," रघुवीर म्हणतो.

"तेच. इथे मसाला नाही लावत. खाऊन बघ."

बाई मक्याच्या पावाच्या जाड तुकड्यावर मासा ठेवते. तेल पावात मुरत जातं. पांढऱ्या वाट्यांतून आंबटसर वाईन येते, लाकडी ताटलीत ऑक्टोपसचे तुकडे येतात, वर लाल तिखट आणि ऑलिव्हचं तेल. रघुवीर दोन्ही हातांनी खातो. मनोहर खात नाही, नुसता बघतो. पूर्वी जेवण वाढून झालं की असाच बघायचा.

पोट भरल्यावर रघुवीरला चालावंसं वाटतं. नुसतं चालावं, सरळ, जहाजाची लांबी संपते त्याच्या पुढे. तो चर्चच्या बाजूने वर जातो. वाळत घातलेल्या चादरी, कुंड्या, एक कुत्रं. गल्ली अरुंद होते. भिंतीला हात लावतो तर ती लोखंडाची, हिरव्या रंगाची. समोर त्याच्याच केबिनचं दार. मागे वळून तो दुसरी गल्ली धरतो, ती इंजिनरूमच्या जिन्यावर संपते. तिसरी धरतो. धावतो. पुन्हा हिरवी भिंत, पुन्हा तेच दार.

खानावळीचं दार ढकलतो तर आत जहाजाचा भटारखाना. मनोहर बटाटे सोलत बसलाय.

"काका, इथून बाहेर जाताच येत नाही."

"मी गेलो की."

रघुवीर समोर बसतो. एक साल उचलून बोटाला गुंडाळतो.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, छातीत कळ येते. मी म्हटलं, गॅस असेल, पडा जरा."

"म्हणालास."

"तेव्हाच लाँच मागवली असती तर?"

"आली असती. वाचलो असतो की नसतो, ते मला ठाऊक नाही. मला विचारू नको."

"राग आहे माझ्यावर?"

"त्या दिवशी होता. खूप होता." मनोहर बटाटा पाण्यात टाकतो. "पण मी तुला इथे बसून राहा म्हटलं का?"

"कुणीतरी राहायलाच हवं ना."

"एजंटाने आणावा किनाऱ्यावरचा माणूस. त्याला ते त्रासाचं होतं, आणि तू आयता मिळालास. या जहाजावर मी नाही, रघू. तू राखण कुणाची करतोस?"

मनोहर पातेल्यावर डाव आपटतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

लाँच जहाजाच्या अंगाला आपटतेय. पाच वाजलेत. रघुवीर तोंडावर पाणी मारून जेवणघरात येतो. एजंटने टेबलावर कागद मांडलाय, वर पेन. बाकीचे दोघे बॅगा घेऊन उभे आहेत.

"मी सही करत नाही," रघुवीर म्हणतो.

एजंट चष्मा काढतो. "मग मला गावातला माणूस बघावा लागेल. आठवडा जाईल. तोवर कुणीच उतरणार नाही."

"बघा. पण मी राहत नाही."

रेनाल्डो बॅग खाली ठेवतो आणि तिच्यावरच बसतो. "आठवडा तर आठवडा," तो म्हणतो.

रघुवीरच्या दाढेशी काहीतरी टोचतं. तो बोट घालून काढतो. केसासारखा बारीक, पांढरा काटा. बंदरात गळ टाकायला बंदी आहे, महिनाभर जहाजावर भात आणि डब्यातले वाटाणे यापलीकडे काही शिजलेलं नाही. तो काटा बोटाच्या टोकावर धरून रेनाल्डोपुढे करतो.

रेनाल्डो वाकून बघतो, मग नाक जवळ नेतो.

"भाजलेला आहे," तो म्हणतो.