लाल रेघेपर्यंत पाणी

नवऱ्याला एक किडनी दिली तेव्हापासून घरात सगळे मला अर्धी समजायला लागले. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण मी घागर उचलायला वाकले की कुणीतरी पळत यायचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या उंबऱ्यातनं ओरडायच्या, "ठेव गं, ठेव! एकावरच हाईस तू." एकावरच! जशी काय मी एका पायावर उभी होते. मी घागर उचलायची ती उचलायचेच.

किडनी देण्याचं मला फारसं काही सांगायचं नाही. हैदराबादला ऑपरेशन झालं, दोघं जिवंत परत आलो, उदगीरच्या स्टेशनावर उतरलो आणि गावाकडं गेलो. मला राग येतो तो त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या वीसेक दिवसांचा. तेवढंच लिहिते.

त्याआधी ह्यांचं थोडं सांगायला पाहिजे. हे उदगीरला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला होते. शुगर निघाली तेव्हा चाळिशीसुद्धा आली नव्हती. काही वर्षांनी लातूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, "दोन्ही किडन्या मोठ्या झाल्यात. साखर त्यांना जादा राबवून घेतीया. आत्ताच आवरा, नाहीतर पुढं थकतील." आता सांगा, 'मोठी झाली' म्हटल्यावर माणसाला काय वाटतं? स्टँडवर आलो तर हे हसायला लागले. म्हणाले, "आपलं सगळंच मोठं हाय बघ. मन मोठं, किडनी मोठी." मीपण हसले. बस लागायच्या आधी दोघांनी उभ्या उभ्या गरम जिलबी खाल्ली. त्या जिलबीचा मला आजपण राग येतो.

पुढं त्या किडन्या थकल्याच. आठवड्यातनं दोनदा लातूरला डायलिसिस सुरू झालं. लघवी होईना, अंगात पाणी साठायचं, म्हणून डॉक्टरांनी पाण्याचं माप लावून दिलं. मी एक बाटली घेतली आणि तिच्यावर नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. दिवसभराचं पाणी त्या रेघेपर्यंत, वर थेंब नाही. टमाटे बंद, केळी बंद. माझी नणंद अर्धापूरला दिलेली. तिच्याकडून केळीचे घड यायचे आणि हे घरात लहान लेकरासारखे नुसते बघत बसायचे. उन्हाळ्यात ह्यांच्या ओठांना चिरा पडायच्या, तरी मी रेघेच्या वर पाणी दिलं नाही. मनावर दगड ठेवून दिलं नाही. अख्ख्या गावात किडनीचं पथ्य आमच्या घराइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच हुशारीनं पुढं आमचा घात केला.

माझी किडनी ह्यांना बसली, तशी ती बाटली माळ्यावर गेली. मी रान बघतच होते. हे आजारी पडले तेव्हापासून आमची तीन एकरं माझ्याच हातात. पेरणी, खुरपणी, फवारणी, बाया बोलावणं, सगळं मी करायची. ऑपरेशननंतर काही महिने थांबले आणि परत रानात गेले. सांगायला संकोच कशाला, मला रानातच बरं वाटतं. घरात माझी चिडचिड होते.

दोन वर्षांनी माझी तपासणी आली. उदगीरला सोनोग्राफी केली. तिथल्या माणसानं कागद हातात दिला, लातूरच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाला, आणि त्या डॉक्टरांचा नंबर मिळाला पुढच्या महिन्यातला. घरी माझ्या धाकट्या दिरानं कागद वाचला. त्यांना मी भावजी म्हणते. ते एकेक शब्द लावत गेले. डावी किडनी नाही, हे तर माहीतच होतं. मग उजवीवर आले आणि थांबले.

"एनलार्ज्ड लिवलंय वैनी. म्हंजे मोठी झालीया."

हे उठले, कपाटातनं स्वतःची जुनी फाईल काढली आणि जिलबीच्या दिवसाचा कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला. तिथंही तोच शब्द. ह्यांचं बोट त्या शब्दावर तसंच राहिलं. मग म्हणाले, "माझं दुखणं तुला लागलं गं. दोनातली एक घेतली मी तुझी, आता ऱ्हायलेली बी चालली."

मी भ्याले. कबूल करते, भ्याले. माझी एक किडनी ह्यांच्यात, एक माझ्यात, आणि तिसरी कुणाकडं मागायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची बाटली खाली आली. रेघ पुसट झाली होती. ह्यांनी माझंच नेलपॉलिश घेऊन नवी रेघ ओढली. बाटली माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "माझ्यासाठी कर एवढं." दुसऱ्या कुणी ठेवली असती तर मी ती अंगणात भिरकावली असती. ह्यांच्यापुढं माझं काही चाललं नाही.

झालं! टमाटे बंद, केळी बंद, वरण बंद. ह्यांचं जुनं पथ्य सगळंच्या सगळं माझ्या अंगावर चढलं. आत्याबाई पहारा द्यायच्या. जाऊबाईकडं हळदीकुंकवाला गेले तरी मागनं निरोप, "तिला सरबत देऊ नका." ज्याला एकेकाळी पाण्याची मनाई होती तो पोटभर पाणी पिऊन राहिला होता आणि मी रेघ बघून राहिले होते. पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यापण नाही.

आणि दिवस कुठले? तुरीच्या काढणीचे. थंडी सकाळपुरती, दुपारी ऊन पाठ भाजून काढतं. तूर कापायच्या नादात अंगाचं पाणी पाणी व्हायचं, आणि प्यायला काय, तर बाटलीच्या तळाचे दोन घोट. लघवी पिवळीजर्द. डोकं ठणकायचं. पंधराव्या-सोळाव्या दिवशी तुरीतच चक्कर येऊन पडले. शेजारच्या पट्टीतनं भावजी पळत आले. त्यांनी मला बांधावर बसवलं, आणि बसल्या बसल्याच सांगितलं, "बास आता वैनी. पाडव्यापासनं रान मला बटईनं द्या. मी करतो, निम्मं पीक तुमच्या घरात आणून टाकतो. तुमच्यानं न्हाई व्हायचं हे."

माणूस वाईट नाही. पण त्यांची नजर माझ्या रानावर आधीपासनं होती, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. संध्याकाळी घरात विषय निघाला. आत्याबाई मान हलवत बसल्या. हे म्हणाले, "तुझा जीव महत्त्वाचा, रान काय करायचंय?" येळवसेला सगळं गणगोत रानात जमतं, तिथं सगळ्यांपुढं ठरवून टाकू, असं भावजी बोलून गेले.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगा-भाज्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मातीच्या बिंदग्यात ताकातलं ज्वारीचं आंबील. ते बिंदगं डोक्यावर घेऊन घरापासनं रानापर्यंत चालत जायचं. आमच्या घरात एक रीत आहे. रान जिच्या हातात, बिंदगं तिच्या डोक्यावर. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यावर होतं. त्या रात्री भावजींनी माझ्या देखत जाऊबाईला सांगितलं, "यंदा तू घे."

तिथं माझं टाळकं सरकलं. म्हटलं, पडायचंच असलं तर एकदा नीट विचारून तरी पडीन.

सकाळी माहेरी जाते म्हणून निघाले. माहेर देगलूरचं. देगलूरला उतरले, आणि घराकडं न जाता नांदेडची बस धरली. पिशवीत दोघांच्या फायली, पदराखाली ती बाटली. नांदेडच्या एका किडनीच्या डॉक्टरीणबाईंविषयी आमच्या माहेरच्या गल्लीत ऐकलं होतं. त्यांनी बीपी बघितलं, रक्त घेतलं, लघवी घेतली, आणि दुपारी रिपोर्ट आल्यावर मला आत बोलावलं.

"पाणी किती पिता?"

मी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि रेघ दाखवली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे कुणी सांगितलं?"

"घरच्यांनी."

"घरात डॉक्टर कोण आहे?"

"डॉक्टर न्हाई, पेशंट हाय," मी म्हणाले, आणि ह्यांची फाईल पुढं सरकवली. कागदावरचे दोन्ही शब्द दाखवले. म्हणाले, "ह्यांची मोठी झाली आणि गेली. आता माझी मोठी झालीया. खरं काय ते सांगा. मी रडायला आले न्हाई."

बाई आधी हसल्या, मग खुर्ची पुढं ओढून नीट सांगायला लागल्या. एक किडनी काढली की दोघींचं रक्त एकीकडं येतं. मग ती राहिलेली अंग धरते. तिच्यातल्या चाळण्यांची संख्या वाढत नाही, पण एकेक चाळणी मोठी होते आणि जास्तीचं काम उचलते. असंच व्हायला पाहिजे. शुगरमध्येही किडनी मोठी होते, पण तिथं साखर तिला हाणून मारून राबवत असते, आतनं ती खराब होत जाते, लघवीतनं प्रोटीन जायला लागतं. "तुमच्या लघवीत काही नाही. साखर नाही, बीपी चांगलं. ती वाढली नसती तर मला काळजी वाटली असती. चक्कर आली ती पाण्यावाचून. रानात काम करणाऱ्या बाईला तहानेनं मारताय की काय?"

"म्हंजे मी रानात जाऊ?"

"जा की! पाणी घेऊन जा. वर्षाला तपासणी चुकवू नका आणि दुखण्याच्या गोळ्या मनानं खाऊ नका."

मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "आणि ह्यांच्यातली? माझी जी ह्यांना दिली ती?"

"तीपण वाढलेली असणार. तीसुद्धा तिथं एकटीच काम करतीय."

नांदेडच्या स्टँडवर मी लिटरभर पाणी घेतलं आणि उभ्यानं सगळं प्याले. हनुवटीवरनं, गळ्यावरनं ओघळलं, पदर भिजला, बाया बघायला लागल्या. बघू देत. मला रडू येत होतं आणि सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, दोन्ही एकदमच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे खाली मान घालून बसले. "मी माझं पथ्य तुझ्या गळ्यात बांधलं."

"बांधलं खरं," मी म्हणाले. "आणि मी बांधून घेतलं. आता सुटलं. भावजींना एवढ्यात बोलू नका."

येळवसेच्या सकाळी जाऊबाई बिंदग्याजवळ उभी होती. नवं कापड बांधून बिंदगं तयार. मी चुंबळ डोक्यावर ठेवली. ती हळूच म्हणाली, "अक्का, घ्या बाई तुम्हीच. माझी मान आत्ताच दुखायला लागली." मी वाकले, बिंदगं उचललं, डोक्यावर घेतलं. आत्याबाई ओरडल्या, "अगं एकावरच हाईस!" मी म्हटलं, "तुम्ही पुढं व्हा आत्याबाई, मला वाट द्या." अख्ख्या वाटेत मी एकदापण थांबले नाही. हे मागनं चालत होते.

कोपीत पूजा झाली. मंडळी जेवायला बसली तसा भावजींनी घसा साफ केला. "पाव्हणे, एक गोष्ट ठरवायची हाय. वैनीची तब्येत..."

मी पंक्तीतनं उठले. रागात माझ्या तोंडात देगलूरचं तेलुगू येतं, ते आधी गिळलं.

"भावजी, तब्येतीचं मी सांगते. माझी किडनी मोठी झालीया, खरं हाय. मी नांदेडला जाऊन इचारून आले. एक काढून दिली, तवा दोघींचं काम हिच्या एकटीवर पडलं. हिनं काय केलं? कुणाला बटईनं दिलं न्हाई. अंग धरलं आणि सगळं एकटीनं केलं. मीबी तेच करून राहिले. पाडव्याला तुमचा ट्रॅक्टर पाठवा, मागच्यासारखा. रान देत न्हाई."

हेच पहिले उठले. तांब्यानं बिंदग्यातलं आंबील काढलं, मोठा गिलास काठोकाठ भरला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. मी एका दमात प्याले. आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अजून दे रे तिला." दुसरा प्याले. तिसरा भरताना भावजी उठले, ह्यांच्या हातातनं तांब्या घेतला आणि त्यांनीच ओतला. ओतता ओतता पुटपुटले, "वखर बी पाठवतो."

मी गिलास ह्यांच्यापुढं धरला. "आता तुम्ही प्या. तुमच्यातली बी वाढली असणार, डॉक्टरीणबाई म्हणल्या."

ह्यांचा हात आपोआप पोटाच्या उजव्या अंगाला, माझी किडनी बसवली होती तिथं गेला. चेहरा पार उतरला. "माझी बी?"

"तुमची कसली? माझी हाय ती," मी म्हणाले. "दबून राहायची न्हाई."