चार फोडायच्या यंत्राचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचीच थोडी लाज वाटते. खून, दरोडे नोकरीत पुष्कळ पाहिले. तरी कोणी एखादी केस सांगा म्हटलं, की माझ्या तोंडून ही निघते. नावं सांगत नाही. माणसं अजून तिथंच आहेत आणि सुखात आहेत.

कुरखेड्याच्या पुढं जंगलातल्या एका छोट्या ठाण्याचा मी ठाणेदार होतो. भर उन्हाळ्यात, सकाळची हजेरी आटोपत असताना पन्नाशीची एक बाई आली. तिच्या गावात रानातून चार नावाची फळं गोळा करतात. त्याचं कठीण बी फोडलं की आत चारोळी. सगळ्या बाया ते दगडानं फोडत. या बाईनं त्यासाठी हातानं फिरवायचं यंत्र बनवलं होतं. तालुक्याच्या एका प्राध्यापकांनी पेटंटचा अर्ज लिहून दिला, गावातल्या ऑनलाइन केंद्रवाल्यानं तो पाठवला. पेटंट मिळालं, तर तिच्या परवानगीशिवाय कोणाला ते बनवून विकता येणार नव्हतं. आणि आता तोच केंद्रवाला फोटो काढतो म्हणून यंत्र घेऊन गेला होता, ते परत देत नव्हता.

"कागद त्याच्यापाशी, यंत्र त्याच्यापाशी," ती म्हणाली. "उद्या माह्यंच यंत्र दुसऱ्याच्या नावानं झालं तर मी काय करू?"

गुन्हा दाखल न करता मी तिचा तक्रार अर्ज चौकशीवर ठेवला. दुपारी बसस्टँडवरच्या चहावाल्यानं, म्हणजे आमच्या खबऱ्यानं, टीप दिली. यंत्र केंद्राच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली आहे, आणि केंद्रवाल्याचे वडशाच्या बाजारपेठेत सारखे फोन चाललेत. झालं! वडशाचा एखादा व्यापारी, आणि हा त्याचा हस्तक. माझ्या डोक्यात दोषारोपपत्रसुद्धा लिहून झालं होतं.

दोन पंच घेऊन झडती घेतली. यंत्र सापडलं. बाजूला चित्रांच्या कागदांचा ढीग होता, खोडरबरानं घासून घासून भोकं पडलेले. यंत्र आणि केंद्रवाला, दोघांनाही ठाण्यात आणलं.

माणूस चाळिशीचा, चष्मेवाला, घामानं निथळत होता. माझी एक सवय होती. संशयिताला पाणी द्यायचं, बाकावर बसवायचं आणि अर्धा तास काहीच विचारायचं नाही. ज्यानं काही केलेलं असतं तो दाराकडं बघतो, घड्याळाकडं बघतो. हा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता आणि बोटं मोजत होता. इतक्या वर्षांत असा आरोपी पाहिला नव्हता.

शेवटी मीच विचारलं, "काय मोजून राह्यला भाऊ?"

तो रडायलाच लागला. "नऊ दिवस राह्यले साहेब. नऊ दिवसांत उत्तर नाई गेलं तर बाईचा अर्ज खतम."

मग सगळं बाहेर आलं. आता पेटंट कार्यालयाचा कारभार संगणकावर झाला आहे. अर्ज ऑनलाइन, हरकतींचं पत्र ई-मेलनं, सुनावणीही पडद्यावर. पत्र निघालं त्याच दिवशी ते आमच्या जंगलात पोचलंही होतं! पण या गृहस्थानं गावातल्या प्रत्येक अर्जावर एकच ई-मेल आणि एकच मोबाइल टाकलेला, स्वतःचा. शिष्यवृत्ती, पीकविमा, जातीचा दाखला, सगळ्यांना तोच पत्ता. गावात दुसऱ्या कोणाकडं ई-मेल नव्हताच, आणि यात चूक आहे असं कोणाला वाटलंही नाही. उत्तराला मुदत सहा महिन्यांची, आणि त्या गर्दीत पत्र पाच महिने पडून राहिलं. पूर्वी रजिस्टर पोस्टानं आलं असतं, तर पोस्टमननं ते बाईच्या हातात दिलं असतं आणि वाटेत चार घरी सांगितलंही असतं.

कार्यालयाच्या हरकती दोन होत्या. आकृत्या स्पष्ट नाहीत. आणि अशा आधीच्या यंत्रापेक्षा यात वेगळं काय, ते सांगा. हा भला माणूस चोरून आकृत्या काढत बसला होता. वडशाचे फोन होते ड्रॉइंग येणाऱ्या एका ओळखीच्याला, आणि तो काही येत नव्हता.

"बाईले सांगितलं काऊन नाई?"

"कोणत्या तोंडानं सांगू साहेब? तिनं माह्या भरोशावर सोडलं होतं."

यंत्र ओळखायला बोलावलेली बाई दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हिचा पारा चढणार आणि त्याची काही धडगत नाही. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. शांतपणे म्हणाली, "वेगळं काय हाये ते त्यायनं इचारलं ना? मंग मले इचारा."

खरं सांगतो, मी खुर्चीत चपापलो. प्राध्यापकांनी त्या यंत्रावर लिहिलं, केंद्रवाल्यानं त्याची चित्रं काढली, मी ते जप्त केलं. ते चालतं कसं, हे आम्हा तिघांपैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं.

आमचे हवालदार पंचनाम्यात तालुक्यात एक नंबर. त्यांना बोलावलं आणि म्हटलं, घटनास्थळ समजा आणि लिहा. टेप लावून त्यांनी दांड्यापासून खिळ्यापर्यंत माप घेतलं, चारही बाजूंनी नकाशे काढले. बाईचा जबाब मी स्वतः घेतला. आधी काय, मग काय, कशामुळं, जसा साक्षीदाराचा घेतात तसा.

ती म्हणाली, "दोन्हीकून लोखंड लावलं तर चारोळीचा चुरा होते. म्या दातानं फोडून पाह्यली तवा समजलं. एका बाजूनं दात पायजे, एका बाजूनं जीभ." तिच्या यंत्रात एक रूळ लोखंडी होता आणि दुसरा लाकडी, त्यावर सायकलचं जुनं टायर गुंडाळलेलं. सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा त्याला मागं-पुढं सरकू देत, म्हणून लहान-मोठं कसंही बी आलं तरी आतली चारोळी अखंड बाहेर यायची.

तो जबाब फोनवर ऐकून प्राध्यापकांनी इंग्रजीत उतरवला. केंद्रवाल्यानं हवालदारांचे नकाशे जोडून चौथ्या दिवशी उत्तर पाठवलं. मुदतवाढीचाही अर्ज असतो, हे मला नंतर कळलं. बरंच झालं, नाहीतर आम्ही ढिले पडलो असतो. गुन्हा घडलाच नाही असा शेरा मारून मी चौकशी बंद केली. बाईनं त्याला फक्त एवढंच सुनावलं की, पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर यंत्रात तुझीच बोटं घालीन.

पुढं सुनावणी त्याच केंद्रातल्या संगणकावर झाली. मी मुद्दाम गेलो होतो. पडद्यावरच्या अधिकारी बाईंनी हिंदीत विचारलं आणि हिनं दात आणि जीभ दाखवून समजावलं. त्याही हसल्या. आणि पेटंट मंजूर झालं! त्याचा ई-मेल आला तो बाईच्या स्वतःच्या पत्त्यावर, तिच्या स्वतःच्या मोबाइलवर.

या केसनं मला शिकवलं ते साधंच आहे. मुंबईचं पेटंट कार्यालय संगणकानं गावात आलं, ही मोठीच सोय झाली. पण आलेलं पत्र ज्याचं आहे त्याला सांगायचं काम अजून माणसाकडंच आहे, आणि ज्यानं वस्तू बनवली त्यालाच तिच्याबद्दल आधी विचारायला हवं. पोलीस असून मला हे उशिरा कळलं.

छापलेला कागद घेऊन ती ठाण्यात आली तेव्हा मी तिला तिच्या नावाची ओळ दाखवली. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे नाव दुसऱ्या कोणाले दिसते का साहेब?"

"दिल्लीत बसलेल्यालाही दिसतं, बाई. कोणीही उघडून पाहू शकतो."

ती कागद पिशवीत ठेवत म्हणाली, "इतके दिस भेवानं झाकून ठेवलं. आता येत्या बाजारात यंत्र उघड्यावर ठेवीन. ज्याले पाह्यचं त्यानं पाहावं."