सरकत्या बटणांचा मोबाइल आणि अकरा मुद्दे

माझ्या मोबाइलला बटणं आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या हातात देतात तसला बारका डबा मात्र नाही तो. चांगला स्मार्टफोन आहे, त्यात सगळं चालतं. फक्त त्याची स्क्रीन अंगठ्यानं वर ढकलली की खट् आवाज होतो आणि खालून बटणांच्या चार रांगा बाहेर येतात. मग तो आडवा धरायचा आणि दोन्ही हातांनी लिहायचं.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो मला दिसला. कोणीतरी हौसेनं बाहेरदेशातून मागवला आणि आठ दिवसांत कंटाळून विकायला ठेवला होता. दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, "भैया, सोच लो. इसका कवर भगवान भी नहीं बनाता." मी सोच-विचार केला नाही. कवराचं काम आईनं केलं. ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाची नाडीवाली पिशवी शिवली. जांभळी.

घेण्यामागं कारण होतं. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. बाबा रेल्वेत गँगमन होते, आजोबा विदर्भातून रुळाच्या कामावरच रायपूरला आले. मी बी. ए. झालो आणि वर टायपिंग शिकलो, दहा बोटांनी, खाली न बघता. असा शिकलेला माणूस काचेवर एक बोट घासत बसतो, हे मला स्वतःचंच बघवत नव्हतं. बटणांवर अक्षरं इंग्रजी आहेत, पण आपण इंग्रजीत हिज्जे दाबले की समोर मराठी उमटतं. दोनच दिवसांत माझा हात बसला.

लोकांची नजर मात्र बसली नाही. पहिल्याच आठवड्यात पंडरीच्या चौकात मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाइल उघडला. समोरून एका मोटरसायकलवर तिघं येत होते. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र बघितलं, खाकी रंगाची पँट बघितली, आणि गाडी जागच्या जागी वळवली. मागे एका बाईनं डिकीतून हेल्मेट काढून घाईघाईनं डोक्यावर चढवलं. मी फक्त घरी विचारत होतो की कोथिंबीर आणायची का.

भनपुरीला ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बुकिंगचं काम करतो, तिथले ड्रायव्हर तर रोज हात जोडतात. "बाबूजी, चालान मत काटना, बच्चे छोटे हैं." एकानं बसचं तिकीट मागितलं. एकानं विचारलं, यात गाणं पण वाजतं की फक्त पेटीसारखा सूर लागतो. ज्यांच्या अख्ख्या दिवसाचा पत्रव्यवहार 'हां', 'हो गया' आणि एक पिवळं तोंड एवढ्यात आटोपतो, त्यांच्याशी काय बोलणार!

बटणांनी माझी एक सवय मात्र वाढवली, हे कबूल करतो. मी लिहायला लागलो की थांबत नाही. मोहल्ल्यातले सगळे अर्ज आधीपासून मीच लिहायचो, नळाचा असो की नाली तुंबल्याचा. बाबांचा त्यावर फार विश्वास. साहेब तोंडानं 'हो' म्हणतात आणि नंतर विसरतात, हे त्यांनी नोकरीभर बघितलेलं. "लिहून घे," हा त्यांचा एकच मंत्र. आमच्या घरात तोंडी बोललेली गोष्ट झालेलीच नसते. तर आता कागद नको, पेन नको, खट् केलं की मी तयार. दूधवाल्यानं दूध पातळ दिलं तर त्याला मी विषय आणि संदर्भ घालून मेसेज पाठवला होता. त्यानं दुसऱ्या दिवशी दूध तसंच दिलं, पण मला 'वकीलसाहब' म्हणायला लागला.

एवढ्यात बहिणीचं लग्न ठरायला आलं. बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान, रायपुरातच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुलगा दुर्गचा, म्हणजे रायपूरहून रेल्वेनं तासाभरावरचा, भिलाईत नोकरीला, माणसं आमच्यातलीच. रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. बोलणं चांगलं झालं. बहिणीच्या नोकरीचा विषय निघणारच होता, तेवढ्यात पोहे आले, मग चहा आला, मग त्यांच्या नवीन कूलरचं कौतुक झालं, आणि तो विषय राहून गेला. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख मात्र पुढच्याच रविवारची निघाली.

परतीच्या गाडीत बहीण माझ्या शेजारी बसली. घरी आम्ही मराठी बोलतो, ती उत्तर हिंदीत देते, हे लहानपणापासूनचं.

"भैया, एक ही बात पूछनी थी. शादी के बाद मेरी नौकरी चलेगी कि नहीं."

"विचारतो ना."

"फोन करके पूछ लो. दो मिनट का काम है."

"फोनवर काहून? असं तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर येईन. मी लिहितो."

बाबा समोरच्या बाकावरून म्हणाले, "लिहूनच घे."

लग्नाच्या बोलण्याचा सगळा व्यवहार माझ्या आणि मुलाच्या मोबाइलवर होता. साक्षगंध होईपर्यंत पोट्टीनं पोट्ट्याचा नंबर घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणजे तिचा प्रश्न माझ्या बटणांतूनच जाणार होता.

सोमवारी संध्याकाळी मी बसलो. पहिल्या ओळीत 'सप्रेम जयभीम', ती बाबांची सूचना. खाली विषय: साक्षगंधापूर्वी उभय पक्षांमधील बाबींची नोंद करणेबाबत. संदर्भ: रविवारी आपल्या निवासस्थानी झालेली तोंडी चर्चा. मग मुद्दे. एक, देणंघेणं काही नाही. दोन, आमच्याकडून येणारी माणसं. तीन, जेवणात काय काय. लिहिता लिहिता मला इतर बाबी सुचत गेल्या. बटणं चालतात तेव्हा डोकंही चालतं. सहावा मुद्दा जनरेटरचा झाला, आठवा गाड्या कुठे लावायच्या याचा. एकूण अकरा. बाबांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लय भारी. एकही शब्द समजला नाही."

मी पाठवलं. निळी खूण आली आणि लगेच उत्तर आलं: ठीक है.

मी घरभर सांगितलं, झालं, लेखी संमती आली. बहीण आत भांडी लावत होती, ती हात पुसत आली.

"दिखाओ."

तिनं मोबाइल घेतला आणि वर सरकवत गेली. बराच वेळ सरकवत होती.

"मेरा वाला कहां है?"

"सातवा मुद्दा."

तिनं तो मोठ्यानं वाचला. "मुलगी सध्या करीत असलेली सेवा विवाहोत्तर काळातही पुढे सुरू राहण्यास आपली हरकत नसावी, अशी नम्र अपेक्षा आहे." मग माझ्याकडे बघितलं. "मेरी नौकरी जनरेटर और पार्किंग के बीच में?"

"महत्त्वाप्रमाणे नाही, सुचल्याप्रमाणे आहे."

"और ये उसने पढ़ा? टाइम देखो. तुमने भेजा सात बावन को, जवाब भी सात बावन को. ग्यारह मुद्दे, एक मिनट भी नहीं लगा. मैं तो अभी तक जेवण पे थी."

"ठीक आहे म्हणाला ना तो? मग सगळ्यालेच ठीक आहे."

आई भाजी निवडत होती. ती न बघता म्हणाली, "बाप्पा, एकदा विचारून घे ना पुन्हा. तुझं काय जाते?"

माझं काय जात होतं ते मी सांगितलं नाही. आता सांगतो. पुन्हा विचारलं असतं तर माझं पत्र कोणी वाचलं नाही हे मीच मान्य केल्यासारखं झालं असतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी रोज तिला सांगायचो की लेखी आहे, पक्कं आहे. ती लॅबमध्ये जायची, यायची, आणि तिनं अजून दवाखान्यात लग्नाचं कोणालाच सांगितलं नाही हे मला आईकडून कळलं.

गुरुवारी साडी घ्यायला पंडरीला गेलो, चौघंही. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग केला. हिरवी, मोरपंखी, डाळिंबी. आईला तीन आवडल्या. बहिणीनं एकही हातात घेतली नाही.

"दीदी, इसमें कलर और भी हैं," दुकानदार म्हणाला.

"भैया, फोन देना," ती मला म्हणाली.

"कायले?"

"दो."

दुकानातल्या दोन बाया आमच्याकडे बघत होत्या. मी जांभळ्या पिशवीतून मोबाइल काढून दिला. तिनं खट् करून उघडला. तिला टायपिंग येत नाही. दोन बोटांनी, एकेक बटण शोधत तिनं लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. 'मैं लड़की लिख रही हूं. शादी के बाद मेरी नौकरी चलेगी या नहीं. साड़ी की दुकान में बैठी हूं.' आणि पाठवून टाकलं. विषय नाही, महोदय नाही, शेवटी 'आपली विश्वासू' तर नाहीच.

"रीत काय आहे आपली?" मी हळूच म्हटलं.

"रीत तुम्हारे सातवें मुद्दे में थी क्या?"

बाबा हसले. चपराक मला होती, हसणं बाबांचं.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'सॉरी. वो लंबा वाला मैंने नहीं पढ़ा था. मुझे लगा टेंट हाउस का है. मुझे दिक्कत नहीं, पर मम्मी सोच रही हैं कि आप छोड़ दोगी. मैंने भी कुछ बोला नहीं.'

टेंट हाउस! माझं ते पत्र.

बहिणीनं पुन्हा लिहिलं: 'तो मम्मी से पूछ के बताइए. मैं बैठी हूं.' मग मोबाइल मांडीवर उघडाच ठेवून ती बसली. दुकानदारानं हात आवरला. आम्हा चौघांना पाणी आलं, मग चहा आला. आईनं आवडलेल्या तिन्ही साड्यांच्या घड्या पुन्हा घालून ठेवल्या. सगळ्या नात्यात साक्षगंधाची आमंत्रणं गेली होती. मी मनातल्या मनात एक बारावा मुद्दा तयार करत होतो, समजावणीचा, नम्र शब्दांत, पण मोबाइल तिच्याकडे होता. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे 'नाही' आलं तर ती उठेल. साडी न घेता. आणि मग कोणीही काहीही लिहून उपयोग नाही.

वीसेक मिनिटं गेली असतील. मोबाइल वाजला नाही, फक्त थरथरला. तिनं वाचलं, आणि मला न दाखवता बाबांकडे दिला. बाबांना अक्षरं बारीक दिसतात, म्हणून मला वाचावं लागलं.

'मम्मी बोल रही हैं, पहले क्यों नहीं बताया. नौकरी क्यों छोड़नी है. सुबह दुर्ग से कौन सी पैसेंजर पकड़ोगी, और पास बनवाना पड़ेगा. टिफिन का देख लेंगे.'

मी ते एकदा वाचलं, मग बाबांच्या सांगण्यावरून पुन्हा वाचलं. बाबा मान हलवत होते. नोकरीभर रुळांवर राहिलेला माणूस. त्यांच्या डोक्यात गाड्यांचं टाइमटेबल सुरू झालं होतं.

"हे पक्कं," ते म्हणाले. "पासाचं बोलले ना, म्हणजे पक्कं."

बहिणीनं डाळिंबी साडी पुढे ओढली, पदर उलगडला आणि दुकानदाराला म्हणाली, "इसमें हल्की वाली दिखाओ भैया, इसको पहन के मुझे जल्दी-जल्दी चलना भी है."