फाटक लावायचं बटण

मोठ्या नकाशाच्या गेमचा मला आता वीट आला आहे. ओपन वर्ल्ड म्हणतात त्यांना. अख्खं राज्य मोकळं, समोर डोंगर दिसला की थेट तिथं जा, कोणी अडवणार नाही, अशी त्यांची जाहिरात असते. कॉलेजात होतो तेव्हापासून खेळतो आहे, आता चाळिशी उलटली. रोज सौंसरहून पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवायला जातो, परत येतो, चहा घेतो आणि टीव्हीसमोर बसतो. इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालं आहे की या गेममधला पहिला तासच तेवढा खरा. गुहेतून बाहेर यावं, खाली दरी, नदी, धूर निघणारं एखादं गाव दिसावं, आणि त्यातलं काहीच आपल्याला माहीत नसावं. तेवढ्यासाठी मी प्रत्येक नवा गेम घेतो आणि दर वेळी फसतो.

कारण नंतर कुठल्या तरी मनोऱ्यावर चढायला लावतात आणि नकाशाला गोवर उठतो. जिकडेतिकडे ठिपके. इथं कोणाची पेटी, तिथं कोणाची अंगठी, पलीकडे म्हातारीच्या हरवलेल्या बकऱ्या. दिवसभर शाळेत पोरांच्या मागे आणि घरी आलो की बकऱ्यांच्या मागे. बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "शाळेत पगार तरी भेटते जी. इथं कोणाची चाकरी करून राहिले?" तेव्हा मी खरंच एका बकरीला दोरीनं ओढत होतो.

दुसरी तक्रार जुनी आहे. या जगात सगळे तुमची वाट बघत थांबलेले असतात. राजाला शत्रूनं वेढलंय, उद्याच किल्ला पडणार म्हणतात, आणि तुम्ही महिनाभर मासे धरत बसलात तरी किल्ला जसाच्या तसा. लोहार त्याच ठिकाणी, तेच वाक्य बोलणारा. फळ तोडलं की चार दिवसांनी फांदीला परत फळ. आमच्याकडे संत्र्याला बहर यावा म्हणून आधी ताण देतात. मुद्दाम पाणी तोडतात, झाड पानं गाळायला लागेपर्यंत तहानलेलं ठेवतात आणि मग पाणी सोडतात, तेव्हा कुठं ते फुलतं. गेम बनवणाऱ्यांना ताण हा प्रकारच माहीत नाही. ते रोज पाणी देत बसतात, आणि आपण नुसते पानापानांनी वाढत राहतो.

ही सगळी मतं मी एकट्यानंच बाळगून होतो. मग बाबा घरी आले.

बाबा लोधीखेड्याकडच्या आमच्या गावी माझ्या मोठ्या भावाजवळ राहत. दसऱ्याच्या सुमाराला विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि शेवाळावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असतानाच भावानं मशीन लावून बाबांचा संत्र्याचा बगीचा उपटून काढला. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डिंक्या लागला होता, बुंध्यांतून डिंक गळत होता, अर्धी झाडं उभीच्या उभी वाळली होती. भावानं लपवलंही नाही. खाटेजवळ उभा राहून त्यानं सांगितलं, "बाबा, झाडं काढून टाकली." बाबा म्हणाले, "बरं केलं." आणि प्यायला पाणी मागितलं.

गावातल्या घराचा उंबरा उंच, संडास अंगणापलीकडे, म्हणून त्यांना सौंसरला माझ्याकडे आणलं. व्यायाम शिकवायला एक मॅडम यायच्या. त्या रोज लाडानं म्हणायच्या, "दादाजी, आज दरवाजे तक चलेंगे?" आणि दादाजी डोळे मिटून घ्यायचे. एक दिवस त्यांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की हाड जुळलं आहे, पण आत्ता चालले नाहीत तर पुढं कधीच चालणार नाहीत, खुर्चीच धरतील. मी आत येऊन बाबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "चालतो ना. पन जाऊ कुठी?"

पन्नास वर्षं तो माणूस सकाळी उठून बगीच्यात गेला होता. बायको म्हणाली, शनिवारी जामसांवळीला हनुमानाच्या दर्शनाला नेऊ, तिथं लोक खाटेवर येतात आणि पायी जातात. बाबांनी तिलाही वाटेला लावलं. "देवाले काय मांगू माय, पाय दे म्हनून? अन् ते पाय घेऊन जाऊ कुठी?" मग ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आदळत राहिली.

त्यांची खुर्ची बैठकीत, टीव्हीही बैठकीत. त्यामुळे माझा गेम त्यांना बघावाच लागे. आधी त्यांना तो सिनेमा वाटला. मग एकदा विचारलं, "हा मानूस तुह्या हातात आहे काय?" मी हाव म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग धावून काऊन राहिला? मांगं कोनी लागलं काय?"

"सगळे धावतच असतात बाबा यात."

"कायले? त्याले सरका चालू दे."

म्हणून मी त्याला चालवायला लागलो. खरं सांगतो, ओपन वर्ल्डमध्ये चालणं भयंकर कंटाळवाणं असतं. बनवणाऱ्यांनी धरलेलंच नाही की कोणी चालेल. एका गावाहून दुसऱ्या गावी जाईपर्यंत माझा अंगठा अवघडून जायचा. पण बाबा खुर्चीत पुढं सरकून बसायचे. ठिपक्यांचा त्यांना त्रास व्हायचा, "ते टिकल्या पुस ना," म्हणायचे. मी सेटिंगमध्ये जाऊन सगळे ठिपके बंद केले आणि मला एकदम बरं वाटलं, जसं शाळेला अचानक सुट्टी मिळावी. आता कुठं जायचं ते बाबा सांगत. नदीच्या कडेनं घे. त्या टेकडीमागं पानी असन, पाह्य. मातीचा रंग पाहून म्हणत, इथं कापूस नाई येनार. गेममध्ये कापूस नव्हताच.

औषधासाठी मी रस्त्याकडेची फळं तोडली तर विचारत, "मालकाले पुसलं काय?" मालकच नाही म्हटलं तर त्यांना पटायचं नाही. आळं केलंय, ओळीत झाडं लावली आहेत, म्हणजे कोणीतरी आहेच. मग मी ओळीतली झाडं सोडून रानातली, सापडतील तेवढीच तोडायला लागलो. माझा योद्धा त्यामुळे कायम आजारी असायचा. अशा खेळात पुढं काही सरकत नव्हतं, राजाचा किल्ला वेढलेलाच होता, पण मी तक्रार केली नाही. संध्याकाळी बाबा बोलत होते, एवढं मला पुरे होतं. मात्र खुर्चीतून ते उठत नव्हते. मॅडम येत होत्या, दरवाजापर्यंतचं विचारत होत्या, बाबा डोळे मिटत होते. टीव्हीतला माणूस दिवसेंदिवस लांब चालत होता आणि त्याला चालवणारे आम्ही दोघं बसलेलो होतो, या गोष्टीची मला लाज वाटायला लागली होती.

मग एक दिवस फाटक आलं. आडवाटेनं जाताना एक शेत लागलं, लाकडी फाटक होतं, ते उघडून आमचा माणूस आत गेला.

बाबा म्हणाले, "मांगचं फाटक लाव."

"लावता येत नाही बाबा."

"उघडता येते?"

"हाव."

"मंग लावता काऊन येत नाई?"

मी सगळी बटणं दाबून पाहिली. एकानं माणूस उकिडवा बसला. एकानं घोड्याला शीळ घातली. एकानं फाटकासमोर तलवार उपसली. फाटक तसंच सताड उघडं. बाबा ते सगळं बघत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. "तलवार उपसाले बटन आहे," ते म्हणाले, "अन् फाटक लावाले नाई. बंद कर हे." मी टीव्ही बंद केला.

त्यांचा राग मला कळत होता, कारण त्या एका गोष्टीवर आम्ही दोघं भाऊ मार खात वाढलो. उघडलं त्यानं लावायचं. पाहुणा असो, व्यापारी असो, ज्याला घाई असेल तो असो. एकदा फाटक राहिलं तर रात्रीतून रोही आणि रानडुकरं कोवळी कलमं साफ करतात. मावशीच्या लग्नाला निघालो होतो, बैलगाडी डांबरी रस्त्याला लागली होती, आणि बाबांना शंका आली. गाडी थांबवून ते एवढं अंतर पायी परत गेले. फाटक लावलेलंच होतं. आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं होऊन गेली होती आणि आई पंगतीत बसेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

इतकं मोठं जग बनवतात. पानावरचा थेंब वेगळा घरंगळतो, घोड्याच्या मानेवरचे केस वाऱ्यानं हलतात. सगळं उघडायची सोय करून ठेवतात, आणि मागं वळून लावायची गरज कोणाला पडेल असं त्यांच्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी शेकडो फाटकं उघडी टाकून पुढं गेलो होतो.

त्या रात्री भावाचा फोन आला. बाबांनी तो मागून घेतला. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळेच ऐकत होतो.

"फाटक लावतं काय रे?"

"कोन्तं फाटक?"

"बगीच्याचं."

"आता काय आहे बाबा तिथं?" भाऊ म्हणाला. "उघडंच राह्यते."

बाबांनी फोन माझ्याकडे दिला. जेवले, झोपले. सकाळी मी उठलो तर बाबा खुर्चीत टोपी घालून बसले होते, पायात चपला, समोर वॉकर. चपला कोणी दिल्या विचारलं तर बायकोनं मान फिरवली.

"कुठी जायचं?" मी विचारलं.

"फाटक लावाले."

रविवार होता. ओळखीचा ऑटो बोलावला. सडकेपासून बगीच्यापर्यंत पांदण आहे, चाकोऱ्या पडलेली, ऑटो तिथं आत जाईना. ज्या माणसानं बैठकीचं दार ओलांडलं नव्हतं तो त्या पांदणीनं वॉकर टेकत निघाला. चार पावलं टाकायचे आणि थांबायचे. घाम गळत होता. मॅडमनी पाहिलं असतं तर मला चांगलंच सुनावलं असतं. मी त्यांच्या मागं आधाराला हात धरून चालत होतो आणि मला भीती वाटत होती, त्यांच्या पडण्याची आणि त्याहून जास्त फाटकाजवळ पोचण्याची.

पोचलो. लोखंडी पाइपचं आमचं फाटक, एका बाजूला कललेलं, उघडं. आत काही नाही. जिथं बाराही महिने सावली असायची तिथं ढेकळं आणि ऊन. मुळांचे तुकडे वर आलेले, त्यात तण उगवलेलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाबा रडले नाहीत. त्यांनी वॉकर बाजूला ठेवला, फाटकाला छाती लावली आणि ढकलत ढकलत ते खांबाशी नेलं. साखळी अडकवली. ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

तेवढ्यात मला ती गाय दिसली. फाटकाच्या उजव्या हाताला काट्यांचं कुंपण होतं, ते मशीन आत घ्यायला भावानं काढलं होतं आणि परत घातलंच नव्हतं. ट्रक जाईल एवढी वाट मोकळी होती. गाय त्या वाटेनं शांतपणे आत शिरली आणि तण खायला लागली. बाबांनीही पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हे इथंच बसतील आणि परत कधी उठणार नाहीत. घरी चला म्हणायला मी तोंड उघडलं.

"कोनाची होय ते?" बाबा ओरडले. "खांदा दे."

मी खांदा दिला. बाजूला एवढी मोठी वाट मोकळी असताना त्यांनी साखळी काढली, फाटक उघडलं, माझ्यासकट आत आले, वळले आणि मागं फाटक लावलं. वॉकर बाहेरच राहिला. ढेकळांत पाय बुडत होते, त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. गाईनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढं सरकली. तिथं राखण्यासारखं काही नव्हतं. ते त्यांनाही दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. मी जपून एकेक पाऊल टाकत होतो.

"काय चालून राहिला बे?" बाबा मला ढकलत म्हणाले. "धाव ना!"