ज्यो समदी खेळत्यात, त्योच

थोरल्या जावेनं तो खेळ मोबाइलवर पाहिला होता. चित्रांच्या कार्डांचा खेळ. ज्यानं त्यानं आपला गठ्ठा जमवायचा, कार्डांची अदलाबदल करायची आणि समोरासमोर बसून लढायचं. "लय डोकं लागतंय त्याला," ती म्हणाली. आम्हाला तेवढं कारण पुरलं. मी आष्ट्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायला, ती घरी ब्लाउज शिवायला; डोकं लावायचं काम दोघींनाही कुणी सांगत नव्हतं.

सांगलीत एका दुकानाच्या माडीवर रविवारी खेळणारे जमतात असं कळलं, म्हणून एसटीनं गेलो. दुकानदार भला माणूस, पण आम्हाला पाहताच त्यानं गुबगुबीत प्राण्यांचा सोपा खेळ पुढं केला. लेडीजना हाच बरा, म्हणाला. इथं हा कोण कोण खेळतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, इथं कुणीच नाही. लोक मुलांसाठी घेऊन जातात. टेबलांवरची कॉलेजची पोरं दुसराच खेळ खेळत होती. त्यात जादूगार, सैन्य आणि कार्डावर मुंगीएवढं इंग्रजी. जावेला इंग्रजी अक्षराला अक्षर लावत वाचावं लागतं, म्हणून मी निवड तिच्यावर सोडली.

"ज्यो हितं समदी खेळत्यात, त्योच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "एकटीनं खेळायला घरात चूल हाय."

दुसऱ्या दिवशी घराच्या पुढच्या सोप्यात कार्डं मांडली आणि जावेचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, आले. बायकांनी पत्ते कुटायचे नाहीत, या घरात जुगार चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. पैशाचा संबंध नाही हे मी सांगितलं, ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. माझा नवरा हळूच म्हणाला, मागच्या खोलीत खेळा की, कुणाला कळतंय. मला दिरांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

जावेनं कार्डं गोळा केली, चटई उचलली आणि मागं न जाता रस्त्याकडच्या कट्ट्यावर नेऊन अंथरली. मग आपल्या नवऱ्याला म्हणाली, "आवं, गणपतीत तुमी मंडपात तीन पत्ती खेळता, तवा च्या मी पाठवते. आता तुमी करा."

दिरांनी चहा केला नाही. चपला घालून बाहेर पडले आणि पुढं बरेच दिवस आमच्याशी बोलले नाहीत. येणारे-जाणारे थांबून बघायचे. आम्ही खेळत राहिलो. सांगलीच्या माडीवर दोघी सारख्या हरत होतो. मग एका रविवारी जावेनं इंजिनिअरिंगच्या एका पोराला हरवलं. त्यानं उठून तिच्याशी हात मिळवला. तिनं हात पदराला पुसला आणि पुन्हा कार्डं पिसायला घेतली.

दिरांना आजही हे पसंत नाही. परवा समोरच्या घरातली सून ब्लाउजचं माप द्यायला आली आणि कट्ट्यावरच बसून राहिली. मी सरकून तिला जागा केली.