वेंडेल क्रूगरनं मारलेलं पाणी

वेंडेल क्रूगर आयोवातल्या आमच्या गावात कोंबड्यांचं खाद्य विकायचा. ते पोटापाण्याचं. जीव मात्र सगळा जत्रेच्या मैदानावरच्या मातीच्या रिंगणात. जुन्या मोटारींच्या शर्यती गावात त्यानंच सुरू केल्या. पाट्या तोच रंगवायचा, गाडीच्या टपावर भोंगा लावून पाच गावं तोच पिंजून काढायचा आणि हरलेल्यांची समजूतही तोच घालायचा. बायको लॉरेन तिकिटं फाडायची आणि वेंडेलला आवरायची. दुसरं काम जास्त कष्टाचं.

अडुसष्ट सालच्या जूनमध्ये मात्र प्रकरण गळ्याशी आलं. जत्रा-समितीचा अध्यक्ष आमोस ट्वेट मैदानाला लागूनच राहायचा, आणि शर्यतीची धूळ दर शनिवारी त्याच्या घरच्या वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसायची. समितीनं वेंडेलला सुनावलं, येत्या शनिवारी धूळ न उडवता, सूर्य मावळायच्या आत शर्यत पार पाड. नाहीतर मैदान गुरांच्या बाजाराला देऊ.

वेंडेलनं ते मनावर घेतलं. शनिवारी सकाळपासून रिंगणात पाण्याच्या टँकरच्या अकरा खेपा मारल्या. धूळ अजिबात उडाली नाही. पहिल्याच वळणावर पहिलीच गाडी रुतली, तीही उडाली नाही.

अशी ओली माती सावकाश फिरणाऱ्या पुष्कळ गाड्यांच्या चाकांनीच दाबावी लागते. वेंडेलनं भोंगा उचलला. "मंडळी, आपापल्या गाड्या रिंगणात आणा. सावकाश वीसेक फेऱ्या मारा, माती बसेल."

बाकांवरून कोणी हललं नाही. शनिवारी दुपारी अख्खं गाव गाडी धुतं, कारण रविवारी ती चर्चपुढे उभी करायची असते. वेंडेलला हे जन्मापासून ठाऊक होतं.

"आधी तुझी आण की," मागून कोणीतरी म्हणालं.

वेंडेलनं लॉरेनकडे पाहिलं.

"बघतोस काय? दोन तास घासलीये मी ती," ती म्हणाली आणि किल्ली घेऊन निघाली.

एकट्या गाडीनं एकच चाकोरी पडली. सूर्य धान्याच्या कोठारामागे सरकू लागला. पहिल्या रांगेत आमोस घड्याळ हातात धरून बसला होता. शेजारी त्याची बायको हिल्डा.

"आमोस, किल्ली दे."

"कशाला?"

"चादरींवरची धूळ झटकता येते. दारात गुरांचा बाजार भरला तर तो वास कशानं झटकू?"

"अगं, उद्या चर्च आहे."

"चालत जाऊ. तुझ्या पोटालाही बरं."

अध्यक्षांची बायको चिखलात उतरलेली पाहून मागे बसून राहणं कोणालाच शोभेना. पाद्रीबाबांसकट चाळीस गाड्या रिंगणात आल्या.

"हळू, हिल्डाबाई," भोंगा म्हणाला. "हळू म्हटलं मी. हिल्डाबाई, पाद्रीबाबांना दाबू नका, मातीला दाबा."

हिल्डाबाईंनी दोघांनाही दाबलं.

माती बसली आणि शर्यत सुटली. शेवटची गाडी रेषेपार गेली तेव्हा सूर्य बोटभर वर होता. आमोसनं घड्याळ खिशात टाकलं.

"मैदान तुझ्याकडेच राहू दे," तो वेंडेलला म्हणाला. "पण पुढच्या वेळी पाणी किती मारायचं ते लॉरेनला विचार."

"आजही विचारलं होतं त्यानं," लॉरेन म्हणाली. "अकराव्या खेपेनंतर."